शामरावांच्या पायरीवरची माणसं

डॉक्टरांनी मला डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं होतं, म्हणून शामराव तायड्यांच्या पायरीवर येऊन बसणारी ती माणसं मी पहिल्या दिवसापासून पाहिली. आमची खाट खिडकीशी होती. खिडकीतून समोरच्या क्वार्टरचं दार, तीन पायऱ्या आणि सदाफुलीची एक कुंडी, एवढंच दिसायचं. १९८५ च्या डिसेंबरची सोळा तारीख. दोघं एकाच सायकलवरून आले. पुढचा उंच होता, लोकरीची टोपी घातलेला. मागचा बुटका, गळ्यात मफलर. बुटक्यानं कडी वाजवली आणि मोठ्यानं विचारलं, ‘‘राव साहब घर पर हैं?’’

शामराव बाहेर आले. बुटक्यानं खिशातून एक कागद काढून त्यांच्यापुढे धरला. शामरावांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला, घडी करून परत दिला आणि हळू आवाजात काहीतरी बोलले. मग ती दोघं पायरीवर बसली आणि तास-दीड तास तिथून हलली नाहीत.

जयपूरला येऊन आम्हाला तीनच महिने झाले होते. माझे यजमान जनार्दन रेल्वेत क्लार्क. बदली होऊन आलेल्या माणसाच्या शेवटच्या पगाराचा दाखला जुन्या कचेरीतून येईपर्यंत नव्या ठिकाणी पगार निघत नाही, आणि आमचा दाखला वाटेत कुठेतरी हरवला होता. पत्रं जात होती, उत्तरं येत नव्हती. पगार नाही म्हणून रेल्वेच्या दवाखान्याचं कार्डही नाही. मला सहावा महिना लागला आणि रक्तदाब वाढला. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, शनिवारी, तो एकशे पन्नास आणि शंभर भरला, पायांवर सूज आली. त्या दिवशी जनार्दननी मला रिक्षात घालून एका खासगी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पैसे कुठून आणले असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘ऑफिसातून थोडा अॅडव्हान्स मिळाला.’’ मी ते खरं मानलं. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद फक्त रक्तदाबाची आहे.

शामराव पॅसेंजर गाडीचे गार्ड होते आणि मार्चअखेर निवृत्त होणार होते. ते मूळचे अकोल्याकडचे, जयपुरात त्यांना बावीस वर्षं झाली होती. कॉलनीत सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. इथल्या लोकांना नावातलं ‘राव’ पदवीसारखं वाटायचं आणि शामरावांची चालही तशीच होती, ताठ आणि सावकाश. त्यांच्या पत्नी यमुनाकाकू रोज दुपारी मला जेवणाचा डबा आणून द्यायच्या. आम्ही कोणी नात्यातले नव्हतो. आपल्याकडची पोरगी आहे आणि पोटुशी आहे, एवढं त्यांना पुरलं होतं.

ती माणसं दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली. दुपारी निवांत बसायची. साडेपाचला ड्यूटी सुटून लोक परतू लागले की बुटक्याला कंठ फुटायचा.

‘‘राव साहब! लेते टाइम हरी झंडी, देते टाइम लाल?’’

रस्त्यानं जाणारे हसायचे. उंच माणूस पुस्ती जोडायचा, ‘‘गाड़ी लेट है भाई, बहुत लेट है!’’

शामराव कधी उत्तर देत नसत. बाहेर यायचे, दोघांना पाणी द्यायचे, कुंडीला पाणी घालायचे आणि आत जायचे.

यमुनाकाकूंची तऱ्हा निराळी होती. जयपुरात थंडीत मटार फार सुंदर येतो. जानेवारीच्या सुरुवातीला एकदा त्या दोन्ही हातांत पाटी घेऊन बाहेर आल्या आणि ती त्या दोघांमध्ये ठेवली. ‘‘बैठेच है तो ये छीलो,’’ त्या म्हणाल्या. बुटका म्हणाला, ‘‘माँजी, हम वसूली वाले हैं।’’ काकू म्हणाल्या, ‘‘तो क्या हुआ, हाथ नहीं है क्या?’’ उंच माणसानं थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि एक शेंग उचलली. मला हसू आलं होतं, पण हसलं की पोटावर ताण यायचा.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. पुरेशा नोंदी हाती येईपर्यंत निष्कर्ष काढायचा नाही, हे मला शिकवलेलं होतं. तरी मी आठवड्याच्या आत निष्कर्ष काढून मोकळी झाले. सट्टा असणार. गार्ड माणूस, रात्री-बेरात्री गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये मुक्काम, सोबतीला पत्ते खेळणारे. कॉलनीतही तेच बोललं जात होतं. शेजारचे बळवंतसिंह, यार्डात इंजिनं हलवणारे शंटर, दूध आणायला जाताना खिडकीशी थांबून म्हणाले होते, ‘‘भाभीजी, राव साहब तो छुपे रुस्तम निकले।’’

मी जनार्दनना म्हटलं, ‘‘शामरावांनी उसने मागितले तर देऊ नका हं. तसेही आपल्याकडे नाहीतच.’’

ते जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, ‘‘नाही मागणार ते.’’

बावीस जानेवारीला मला मुलगी झाली. वजन दोन किलो दोनशे ग्रॅम. चार दिवस धाकधूक होती, मग ती नीट दूध ओढू लागली आणि माझा रक्तदाब उतरला. यमुनाकाकूंनी चाळीस दिवस मला उठू दिलं नाही. पहाटे पाणी तापवायच्या, मुलीला न्हाऊ घालायच्या, मला अळिवाची खीर द्यायच्या. मी सगळं घेत होते आणि मनात म्हणत होते, बिचारी बाई, नवऱ्यानं काय पांग फेडले हिचे. आपण कोणाची कीव करतो आहोत ते मला माहीत नव्हतं.

बारा मार्चला आमचा दाखला आला आणि थकलेला पगार एकदम मिळाला. जनार्दननी टेबलफॅन आणला, मुलीसाठी पाळणा आणला. जयपूरचा उन्हाळा कसा असतो ते सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं. उरलेले पैसे त्यांनी कपाटात ठेवले. मला वाटलं, सुटलो.

सोळा मार्चला, रविवारी सकाळी, मी मुलीला कोवळ्या उन्हात घेऊन काकूंच्या पायरीवर बसले होते. जनार्दन मंडईत गेले होते. मटार संपून आता ओला हरभरा आला होता. बुटका माणूस एकटाच आला होता आणि कोणी न सांगता हरभरा सोलायला बसला होता. त्याचं नाव प्रभुदयाल आहे हे मला एव्हाना माहीत झालं होतं. काकू आत पोळ्या करत होत्या.

‘‘बहनजी, आप पढ़ी-लिखी हो,’’ तो म्हणाला. ‘‘राव साहब को समझाओ। पाँच सौ लिए थे नौ नवंबर को। आज तक एक पैसा ब्याज नहीं।’’

नऊ नोव्हेंबर ही तारीख मला वहीशिवायही पाठ होती. पण एका तारखेला जगात पुष्कळ गोष्टी होतात, असं मी मनाशी म्हटलं.

‘‘कशासाठी घेतले होते?’’ मी हिंदीत विचारलं.

‘‘वही तो!’’ प्रभुदयालनं आवाज खाली आणला आणि दाराकडे एक नजर टाकली. ‘‘सेठ से कहा, बीवी का बी.पी. बढ़ा है, बच्चा होने वाला है। अब बताओ, इस उमर में! मैं तो तीन महीने से देख रहा हूँ, यहाँ कोई बच्चा-वच्चा हुआ नहीं।’’ मग माझ्या मांडीवरच्या मुलीकडे बघून त्यानं विचारलं, ‘‘ये इनकी पोती है?’’

मी नाही म्हटलं. मुलीला जवळ घेत मी विचारलं, ‘‘कागदावर नाव काय आहे?’’

त्यानं खिशातून कागद काढला. सेठच्या मुनिमानं लिहिलं होतं: जनार्दन शामराव, रेल्वे, मराठी, रेल्वे कॉलनी. खाली रेव्हेन्यू स्टँपवर जनार्दनची सही होती, त्यांच्या त्या लांब शेपटीच्या ‘न’सकट.

माझ्या सासऱ्यांचं नाव शामराव. आपण स्वतःचं नाव सांगितलं की मागोमाग वडिलांचं सांगतो आणि मग आडनाव. मुनिमाला आडनाव लिहायचा कंटाळा आला असावा. इथं रामदयाल, प्रभुदयाल अशी जोडनावं असतात, तसंच हेही एक लांबलचक नाव असणार, असं प्रभुदयालला वाटलं. कॉलनीत येऊन त्यानं विचारलं असेल, मराठी रावसाहेब कुठे राहतात? पोरांनी बोट दाखवलं.

‘‘पढ़ लिया? अब सुनो,’’ तो कागद खिशात घालत म्हणाला. ‘‘राव साहब ने ज़बान दी है, इकतीस के बाद दूँगा। सेठ कहता है, बाद में क्यों? इकतीस को रिटायर होंगे, रेलवे इंस्टिट्यूट में माला पहनेंगे ना? हम भी माला लेकर आएँगे। सबके सामने।’’

मी मुलीला उचललं आणि घरी आले.

जनार्दन भाजीची पिशवी घेऊन आत आले तेव्हा मी दार लावून घेतलं.

‘‘समोरची माणसं तुमच्यासाठी येतात,’’ मी म्हणाले.

ते खाली बसले. पिशवीतून एक कांदा घरंगळून पाळण्याखाली गेला.

‘‘केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?’’

‘‘जानेवारीपासून.’’ ते म्हणाले, ‘‘आधी वाटलं, सेठ विसरला. मग एक दिवस सेठच्या दुकानात लांबून पाहिलेला प्रभुदयाल त्या पायरीवर दिसला. तो मला ओळखत नव्हता, तरी मी सायकल वळवून मागच्या बाजूनं आलो. दुसऱ्या दिवशी शामरावांना सांगायचं ठरवलं. रोज ठरवत होतो, प्रतिमा. तुझे दिवस भरत आले होते. मग मुलगी झाली. मग इतके दिवस झाले की सांगायचं कसं तेच कळेना.’’

‘‘आणि बारा तारखेला पैसे आले तेव्हा?’’

ते पंख्याकडे पाहत राहिले. आमच्या दाराशी कोणी मागायला आलं नव्हतं, म्हणून पैसे कपाटात राहिले होते. त्यात समजायला अवघड असं काही नव्हतं.

मी रागावले नाही असं नाही. पण ते पाचशे माझ्यासाठी घेतले होते. त्या औषधांनी मी वाचले आणि मुलगीही वाचली. राग कुठे ठेवायचा ते मला सापडेना, म्हणून मी आधी करायच्या कामाचा विचार केला. ‘‘आपण दोघं आत्ता शामरावांकडे जाऊ,’’ मी म्हणाले.

शामराव गणवेशाच्या कोटाला ब्रश मारत होते. प्रभुदयाल तोवर निघून गेला होता. जनार्दन दारातच उभे राहिले. शेवटी शामरावच म्हणाले, ‘‘बसा. मले मालूम हाय.’’

‘‘कधीपासून, काका?’’ मी विचारलं.

‘‘पयल्या दिवसापासून. सही पायली ना मी. माह्या बापानं माह्यं नाव जनार्दन नाई ठेवलं.’’

‘‘मग त्यांना सांगितलं का नाही?’’

‘‘काय सांगू? समोरचं दार हाय म्हणून सांगू?’’ ते ब्रश मारतच राहिले. ‘‘त्या दारात तू निजली होती. डॉक्टरनं सांगतलं होतं ना, हिले तरास नका देऊ. यमुनेनं मले सांगतलं होतं. मंग म्या म्हटलं, एकतीसच्या बाद पाहू, तवरक बसा बापा इथंच. पैसे मी काई देल्ले नाई. ब्याज देणं मले पटत नाई. बसू देल्लं, बस.’’

जनार्दन म्हणाले, ‘‘मला तरी सांगायचं होतं, काका.’’

‘‘तुह्यापाशी पैसे होते काय?’’

‘‘नव्हते.’’

‘‘मंग? तुले झोप नसती लागली, अन् हिले समजलं असतं. लपवता येते काय तुले? तोंडावर लिहून रायते तुह्या.’’

यमुनाकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘थ्ये सारं सांगता, अन् कार्यक्रमाचं नाई सांगत?’’

शामरावांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण काकू थांबल्या नाहीत. निरोपसमारंभ नको, असं शामरावांनी ऑफिसात कळवलं होतं. कारण काही सांगितलं नव्हतं. अडतीस वर्षांच्या नोकरीत गाडी सोडायला एकदाही उशीर न केलेला माणूस शेवटच्या दिवशी मागच्या दारानं घरी येणार होता.

‘‘काय करतो समारंभ करून?’’ शामराव म्हणाले. ‘‘आताशा लोक हात मिळवत नाईत, नुसती मान हलवतात. वरतून तो प्रभू माळ घेऊन येणार म्हणते.’’ ते हसले. पण ब्रश एकाच जागी फिरत होता, जिथं मळ नव्हता.

आम्ही घरी आलो तेव्हा मला स्वच्छ कळलं होतं की काय सांभाळायचं आहे. शामरावांचं नाव. ते आमच्यामुळे मळलं होतं आणि पंधरा दिवस उरले होते.

पुढच्या रविवारी मुलीला काकूंकडे ठेवून आम्ही बसनं झोटवाड्याला सेठकडे गेलो. होळी तीन दिवसांवर होती, दुकानांपुढे गुलालाच्या राशी मांडल्या होत्या. सेठ भैरूंलालचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सावकारीची पाटी कुठेही नव्हती. मागच्या खोलीत गादी होती, लाकडी पेटी होती आणि गादीवर तो स्वतः, एक गुटगुटीत, हसतमुख माणूस.

मी म्हणाले, ‘‘हे कर्ज आमचं आहे. रावसाहेबांचं नाही.’’

तो आमच्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला आणि मग मनापासून हसला. ‘‘बहनजी, तीस साल से लोग मुझे यही समझाने आते हैं कि कर्ज़ा हमारा नहीं है। आप पहली हो।’’

‘‘तुमची माणसं चुकीच्या दारात बसली.’’

‘‘बैठी होंगी। पर राव साहब ने ना कहाँ कहा?’’ त्याच्या हिंदीचा सूर असा होता, जणू तो मला घरगुती गोष्ट समजावतो आहे. कर्ज तुमचं असेल, पण ज़बान त्यांची आहे. एकतीसला त्यांना मोठी रक्कम मिळेल. तुमच्या नवऱ्याला काय मिळणार, पगार! मग मी चांगलं गिऱ्हाईक सोडून साधं का धरू?

‘‘किती झाले?’’ जनार्दननी विचारलं.

‘‘ग्यारह सौ।’’

‘‘अकराशे? कसे?’’

‘‘ब्याज का ब्याज। ऊपर से आदमियों का आना-जाना। टायर घिसता है, बाबूजी।’’

मी हिशोब घरीच करून आणला होता. पहिल्या महिन्याचं व्याज त्यानं आधीच कापून हातात साडेचारशे दिले होते. तेव्हा डिसेंबरच्या नऊ तारखेला पाचशे देणं होतं, त्यापुढे चालू महिना धरून चार महिने, त्याच्याच महिना दहा टक्के दरानं, चक्रवाढ. मी नोटा गादीवर ठेवल्या आणि वर पाच पैशांचं नाणं ठेवलं. ‘‘सात सौ बत्तीस रुपये पाँच पैसे,’’ मी म्हणाले. घासाघीस करून कमी देता आले असते. पण मला तो कागद घेऊन निघायचं होतं.

‘‘और अगर न लूँ?’’

‘‘तर एकतीसला प्रभुदयाल इन्स्टिट्यूटमध्ये येईल. तिथं साहेब लोक असतील, रेल्वे पोलिसांचे इन्स्पेक्टर असतील. तो कागद दाखवेल. कागदावर सही यांची आहे. यांचं आडनाव सोनोने, रावसाहेबांचं तायडे. मग इन्स्पेक्टर विचारतील, हा कागद कुणी लिहून घेतला आणि सावकारीचा परवाना कुठे आहे?’’

त्याचं हसू गेलं. ‘‘धमकी दे रही हो?’’

‘‘नाही. काय काय होईल त्याचा क्रम सांगते आहे.’’

माझा आवाज वर गेला नव्हता. दुकानात कुणीतरी चाकाला हवा भरत होतं. पंपाचे पंधरा-वीस फटके मी मोजले. मग भैरूंलालनं नोटा उचलल्या, मोजल्या आणि पेटीतून कागद काढून जनार्दनच्या हातात दिला. पाच पैशांचं नाणं त्यानं बोटानं माझ्याकडे सरकवलं. ‘‘ये बिटिया के लिए।’’

मी ते तिथंच राहू दिलं.

परतताना बसमध्ये जनार्दन म्हणाले, ‘‘संपलं एकदाचं.’’

‘‘तुमचं संपलं,’’ मी म्हणाले. ‘‘उद्यापासून पायरीवर कोणी दिसणार नाही. लोक काय म्हणतील? रावसाहेबांनी फेडले. म्हणजे घेतले होते, हे नक्की झालं.’’

ते खिडकीबाहेर पाहू लागले. बोलायचं त्यांनाच होतं. ते काम मला त्यांच्या वतीनं करता येण्यासारखं नव्हतं, आणि करायचंही नव्हतं.

कागद पाहिल्यावर शामराव समारंभाला कसेबसे हो म्हणाले, तेही काकूंनी दोन दिवस अबोला धरल्यावर. एकतीस मार्चला, सोमवारी संध्याकाळी, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं जमली. दर वेळी शंभरावर जमतात, असं काकू म्हणाल्या. पुढची रांग जवळजवळ रिकामी होती. बळवंतसिंह मागच्या भिंतीशी उभे राहून कोणाच्या तरी कानात बोलत होते. शामराव इस्त्रीच्या कोटात खुर्चीच्या टोकाशी बसले होते. साहेबांनी भाषण केलं, घड्याळ दिलं, शाल दिली. शामराव चार वाक्यं बोलले. त्यांतली दोन सिग्नलच्या दिव्यांविषयी होती.

जयपुरातल्या मराठी लोकांचा कुठलाही कार्यक्रम आभार मानल्याशिवाय संपत नाही, आणि आभार मानायचं काम नेहमी सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. इथले बाकीचे लोक तोवर उठून चहाकडे जाऊ लागलेले असतात. जनार्दन उठले तेव्हाही खुर्च्या वाजत होत्या. ते हिंदीत बोलले. मी मराठीत लिहिते आहे.

त्यांनी साहेबांचे आभार मानले, इन्स्टिट्यूटच्या सेक्रेटरींचे मानले, माइकवाल्याचे आणि चहावाल्याचे मानले. मग ते थांबले. इतका वेळ थांबले की चहाकडे निघालेले लोक वळून पाहू लागले.

‘‘डिसेंबरपासून रावसाहेबांच्या पायरीवर जी दोन माणसं बसत होती, ती माझ्यासाठी येत होती,’’ ते म्हणाले. ‘‘कर्ज माझं होतं. कागदावर माझ्या वडिलांचं नाव आहे, शामराव, म्हणून ती चुकीच्या दारात गेली. रावसाहेबांना हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. मलाही कळलं होतं, थोडं नंतर. त्यांनी माझं दार दाखवलं नाही, कारण आत माझी बायको आजारी होती. मी पुढे झालो नाही, कारण मी घाबरलो होतो. साडेतीन महिने तुम्ही सगळे त्यांना जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं. ते अजूनही बोलू शकता. चहा तयार आहे.’’

ते खाली बसले. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मांडीवर मुलीला उचकी लागली होती.

पहिल्यांदा हलले ते बळवंतसिंह. भिंतीपासून सरळ चालत पुढे आले, शामरावांच्या समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. ‘‘राव साहब, मैंने भी कहा था,’’ ते म्हणाले. ‘‘बहुत कहा था।’’ शामराव म्हणाले, ‘‘मालूम है, भाई। खिड़की मेरे घर को भी है।’’ मग हशा झाला आणि लोक उठले. त्यांच्या खुर्चीपुढे रांग लागली. चहा थंड झाला तरी ती हलली नाही.

शेवटी शामराव जनार्दनजवळ आले. मला वाटलं, पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, ‘‘काय रे, कार्यक्रम माहा, अन् विषय सारा तुहाच?’’

जनार्दन म्हणाले, ‘‘चुकलं, काका.’’

‘‘आता खुर्च्या मिटून ठेवू लाग ह्या लोकाईले. पन्नास हायेत.’’

जनार्दन बाह्या सरसावून खुर्च्या मिटू लागले. त्यांचा चेहरा मी कित्येक महिन्यांत इतका हलका पाहिला नव्हता. शामरावही एका हातानं शाल सावरत खुर्च्या एकावर एक रचू लागले.

मी आणि काकू मुलीला घेऊन पुढे निघालो. रस्त्यावर कडुनिंबाची पानं पडली होती. मुलगी काकूंच्या खांद्यावर झोपली होती. मला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. डबे, खीर, पहाटेचं पाणी, त्या पायऱ्या. पण ज्याबद्दल आभार मानायचे त्याच्या आधी एक गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं खोटं झालं असतं.

‘‘काकू,’’ मी म्हणाले, ‘‘मीसुद्धा तसंच समजत होते. काका सट्टा खेळतात असं.’’

‘‘मले मालूम होतं.’’

‘‘कसं?’’

‘‘पयले तू डबा रिकामा नव्हती धाडत. दोन चमचे साखर टाकत होती, नाई तं चार शेंगदाने. मंग डिसेंबरात रिकामा येऊ लागला.’’ त्यांनी मुलीच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. ‘‘ह्याईनं इचारलं, तं म्या म्हटलं, पोटुशी हाय, इसरत असन.’’

मी विसरले नव्हते. तसं मी त्यांना सांगितलं.

काकू चालता चालता थांबल्या. अंधारात त्यांचा चेहरा मला नीट दिसला नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगतलं. आता तुम्ही दोघंबी आमच्या इथंच जेवा. येवढ्या रात्री कुठं चूल पेटवशील?’’ आणि मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेऊन त्या पुढे चालू लागल्या.